‘नाही’ म्हणणारा विद्यार्थी



शिक्षक म्हणून माझी नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत वर्गात मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल, तर तो मुलांच्या अज्ञानाचा नव्हे, आळसाचाही नव्हे. मुलाने तोंडावर ‘नाही’ म्हटल्याचा. हा राग येतो कुठून, आणि तो बाळगण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी पुष्कळजण शिक्षक आहेत. जे शिक्षक नाहीत ते आईबाप आहेत. प्रश्न दोघांचाही आहे.

आधी घडले ते सांगतो. बाभुळगाव तालुक्यातील ज्या शाळेत मी शिकवितो तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष शाळेचा नव्हता, माझा होता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. आठवीचा वर्ग, मराठीचा तास, सत्तेचाळीस मुले. मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी म्हटले, “उभा राहा आणि पुढचा उतारा वाच.”

तो उठला नाही. “नाही वाचत,” म्हणाला.

“काय म्हणालास?”

“नाही वाचत म्हटलं ना सर. दुसऱ्याले सांगा.”

वर्ग आधी हसला आणि मग एकदम गप्प झाला. ही शांतता प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची आहे. त्या वेळी सगळ्यांचे डोळे त्या पोराकडे नसतात, तुमच्याकडे असतात. मास्तर आता काय करतो, एवढेच पाहायचे असते.

माझ्या लहानपणी या प्रसंगाचे उत्तर ठरलेले होते. निरगुडीची हिरवी फोक मुलांनीच तोडून आणायची आणि तीच त्यांच्या पाठीवर मोडायची. मला शाळेत घालताना माझे वडील मास्तरांना म्हणाले होते, “मारा, पण शिकवा.” अंगठा उमटविणाऱ्या त्या माणसाला शिक्षण आणि मार या दोन वस्तू वेगळ्या करता येतात हे कोणी सांगितलेच नव्हते. आता कायदा बदलला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षण हक्काच्या अधिनियमाने कलम १७ अन्वये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. शिवाय रोज पंचशील म्हणणाऱ्याने हातात फोक कशी घ्यावी?

मी मारले नाही. मी फक्त वर्गाला सांगितले, “ठीक आहे. आजपासून याला कोणी काही विचारणार नाही. मीही नाही. बसू द्या त्याला.”

आणि मी दिलेला शब्द पाळला. हजेरी घेताना त्याचे नाव घ्यायचे, एवढाच संबंध. वही तपासली नाही, प्रश्न विचारला नाही, त्याच्या बाकापर्यंत गेलो नाही. पहिले काही दिवस त्याने कंपासपेटी खाली पाडली, बाक वाजविला. मी वळूनही पाहिले नाही. मग त्याने बाक वाजविणे सोडले. मग तो शाळेत यायचाच राहिला. खरे सांगायचे तर वर्ग शांत झाला होता आणि मला बरे वाटत होते. एका सहकाऱ्याने “तुमचा वर्ग आता चांगला ताब्यात आला,” असे म्हटले, तेव्हा मी नको नको म्हणत ते स्वीकारले. आपण अहिंसेने प्रश्न सोडविला असा माझा समज होता.

पुढच्या पौर्णिमेला विहारात बोलण्याची पाळी माझी होती, म्हणून अंगुत्तर निकाय चाळीत बसलो होतो. चतुक्क निपातात केसी नावाच्या माणसाचे एक सुत्त आहे. केसी हा घोडे शिकविण्यात नावाजलेला. तथागतांनी त्याला विचारले की, तू घोडा कसा शिकवितोस? तो म्हणाला, काहींना मऊपणाने, काहींना कठोरपणाने, काहींना दोन्ही रीतींनी. आणि तरीही शिकला नाही तर? तर मारून टाकतो, केसी म्हणाला. माझ्या गुरुघराण्याची अपकीर्ती होऊ नये म्हणून. मग त्याने उलट विचारले, आपण माणसांना कसे शिकविता? तथागतांनी त्याच तीन रीती सांगितल्या आणि चौथीही सांगितली: तरीही न शिकेल त्याला मी मारून टाकतो. केसी चकित झाला. तथागतांना तर प्राणिहत्या वर्ज्य आहे! तथागत म्हणाले, खरे आहे. परंतु ज्याच्याशी बोलण्यात, ज्याला उपदेश करण्यात अर्थ नाही असे तथागत आणि जाणते सहकारी मानतात, तो आर्यांच्या विनयात मारला गेलेलाच असतो.

ही ओळ वाचून मी पुस्तक मिटले. विहारात त्या दिवशी दुसऱ्याच विषयावर बोललो.

या सुत्तातील दोन गोष्टी शिक्षकाने नीट पाहाव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे ‘कठोर’ या शब्दाचा अर्थ. केसीच्या कठोरपणात चाबूक असेल. तथागतांच्या कठोरपणात वाईट कृत्य कोणते आणि त्याचे फळ काय, हे स्पष्ट सांगणे एवढेच आहे. दुसरी म्हणजे केसी घोडा का मारतो त्याचे कारण. घोडा धोकादायक आहे म्हणून नव्हे. स्वतःच्या घराण्याचे नाव जाऊ नये म्हणून. ‘नाही वाचत’ हे शब्द ऐकले तेव्हा माझ्या मनात त्या मुलाच्या शिक्षणाची चिंता होती काय? मुळीच नव्हती. माझे नाव जात होते.

आणखी एक आठवण मनातून जाईना. बाबासाहेबांनी आपल्या बालपणाविषयी जे लिहून ठेवले आहे ते आपणा सर्वांना पाठ आहे. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून आणलेले तरटाचे बसकण, वेगळा कोपरा, आणि शिपाई नसला की पाणी नाही. त्या कोपऱ्यात कोणी त्यांना रोज झोडपत होते असे त्यांनी लिहिलेले नाही. त्या कोपऱ्याचा अर्थच असा होता की, हा मुलगा वर्गात आहे आणि नाही. अस्पृश्यता म्हणजे केवळ न शिवणे नव्हे. न बोलणे, न विचारणे, न मोजणे हेही तिचेच अंग आहे. त्या घराण्यात जन्मलेल्या मी, पहिला पदवीधर म्हणून ज्याचा गावात हार घालून सत्कार झाला त्या मी, माझ्या वर्गात एक कोपरा तयार केला होता.

येथे एखादा अभ्यासू वाचक मला अडवील. तो म्हणेल, गुरुजी, खुद्द तथागतांनीच छन्न भिक्खूला ब्रह्मदंड दिला होता ना? महापरिनिब्बान सुत्तात आनंदाला तशी आज्ञा आहे: छन्न काय हवे ते बोलो, भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला सांगू नये, शिकवू नये. मग तुम्ही वेगळे काय केलेत?

आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. हा छन्न म्हणजे परंपरेप्रमाणे कपिलवस्तूचा सिद्धार्थाचा सारथी. बुद्ध आमचे, धम्म आमचा, मग मला शिकविणारे तुम्ही कोण, असा त्याचा ताठा. तो इतका तापट होता की कोसंबीला जाऊन त्याला हा दंड सुनावण्यासाठी आनंद एकटे जायला तयार नव्हते. बरोबर पुष्कळ भिक्खू घेऊन गेले, असे विनयपिटकात आहे. (वर्गात शिरताना पाय जड होणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे. आनंदालाही भीती वाटली होती.) परंतु फरक पाहा. छन्न प्रौढ होता, मूल नव्हता. वर्षानुवर्षे त्याला सांगून झाले होते. मी एका ‘नाही’वर निकाल दिला. त्याला दंड संघाने दिला, एका माणसाच्या रागाने नव्हे. आणि मुख्य म्हणजे त्या दंडाला दार होते. छन्न हादरला, एकांतात प्रयत्नाला लागला, अर्हत झाला, आणि दंड मागे घ्या म्हणून आला तेव्हा आनंदांनी सांगितले की, तू अर्हत झालास त्याच क्षणी तो दंड सरला. मी दिलेल्या दंडाला असे दार नव्हते. तो मुलगा काय केल्याने परत माझा विद्यार्थी होणार, हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. घराला कुलूप होते; वेचणी चालू असताना आमच्याकडे दिवसा घर उघडे सापडत नाही. शेत विचारीत गेलो. धुऱ्यावर कापसाची गाठोडी, बायांचा घोळका, आणि मधोमध माझा विद्यार्थी काटा धरून. कोणाचे किती किलो भरले, भाव काय, उचल किती घेतली होती, ती वजा जाता हातात किती यायचे, हे तो एकेका बाईला तोंडी सांगत होता, आणि एकही बाई त्याच्याशी वाद घालत नव्हती. माझ्या वर्गातील पहिल्या पाच क्रमांकांत त्याच्याइतका झटपट हिशेब करणारा एकही नाही.

मी त्याच्या आईला म्हटले, मुलगा हुशार आहे, पण वर्गात उतारा वाच म्हटले तर उलट बोलतो.

तिने ओटीतला कापूस गाठोड्यात मोकळा केला आणि माझ्याकडे पाहिले. “गुर्जी, त्याले वाचता येत नाही ना. तुमाले मालूम नाही?”

जून महिन्यापासून तो माझ्यासमोर बसत होता.

वाचकहो, ‘मला येत नाही’ हे सत्तेचाळीस मुलांसमोर म्हणणे किती अवघड आहे याचा विचार करा. त्याच्यापेक्षा ‘मी करत नाही’ हे किती सोपे आहे! पहिल्यात मान जातो, दुसऱ्यात वाढतो. मूल उद्धट ठरायला तयार होते, पण मठ्ठ ठरायला तयार होत नाही. यात त्याचे चुकते काय? आपल्या पिढ्यांनी तर उपाशी राहणे पत्करले पण उष्टे खाणार नाही म्हटले, आणि त्याला आपण स्वाभिमान हे नाव दिले. तोच स्वाभिमान तेरा वर्षांच्या मुलाने दाखविला की आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

मुळात आज्ञापालन हा सद्गुण आहे काय, हेच तपासायला हवे. अंगुलिमाल हे नाव घेतले की आपल्याला कोणाचेही न ऐकणारा दरोडेखोर आठवतो. पण अट्ठकथेतली त्याची आधीची हकीकत वेगळी आहे. तो तक्षशिलेचा विद्यार्थी होता, नाव अहिंसक, आणि सर्व शिष्यांत आज्ञाधारक. कान भरलेल्या गुरूने दक्षिणा म्हणून हजार माणसांचे प्राण मागितले, आणि त्याने आज्ञा मानली. एकलव्याच्या गुरूने एक अंगठा मागितला, त्यानेही मान डोलावली. दोघांपैकी एकाने जरी ‘नाही’ म्हटले असते तर? उलट बाजूला भाऊराव पाटलांचे पाहा. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला १९०८ साली गेले. परत आल्यावर अंघोळ करून आत ये म्हटले तर करीत नाही म्हणाले. बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. याच बेशिस्त विद्यार्थ्याने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जे घडले, ते आज्ञाभंगाखेरीज दुसरे काय होते? ‘नाही’ म्हणून माणसात आलेल्या समाजाचे आपण लोक. आपल्या वर्गातील पहिल्या ‘नाही’ला आपण घाबरावे?

मात्र याच ठिकाणी भाबडेपणाही करू नये. प्रत्येक आज्ञाभंग म्हणजे महाडचा सत्याग्रह नव्हे. मुलीच्या वेणीला हिसका देणारा, दुबळ्या मुलाचा डबा पळविणारा, जातीवरून टोचून बोलणारा मुलगा क्रांती करीत नसतो. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे: या ‘नाही’ने दुसऱ्या मुलाचे नुकसान होत आहे, की फक्त माझा मान जात आहे? दुसऱ्याचे नुकसान होत असेल तर त्याच क्षणी थांबवितो, चर्चा नंतर. माझाच मान जात असेल तर तास संपेपर्यंत थांबतो. मान एवढा वेळ बाहेर उभा राहू शकतो.

थांबायचे म्हणजे सोडून द्यायचे नव्हे. वर्गासमोर निवाडा मांडला की दोघांचीही माघार बंद होते, एवढे मात्र अनुभवाने सांगतो. सत्तेचाळीस प्रेक्षकांपुढे ना तो हरायला तयार, ना मी. तेच बोलणे मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली, शेजारी बसून केले तर निम्मा ताठा दोन्ही बाजूंनी गळतो. तेथे मी प्रथम एवढेच विचारतो: येत नाही, की करायचे नाही? आणि उत्तर काहीही आले तरी रागवायचे नाही असे आधी स्वतःला बजावतो. ‘येत नाही’ असेल तर माझे काम ठरलेले आहे. ‘करायचे नाही’ असेल तर का, हे ऐकावे लागते.

आपल्या परंपरेत या ऐकण्याला सुंदर नाव आहे. ग्रीक राजा मिलिंद भदन्त नागसेनांना म्हणाला, आपण वाद करू. नागसेन म्हणाले, पंडितांच्या रीतीने करणार असशील तर करू, राजांच्या रीतीने करणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात एकमेकांची गाठ बांधली जाते, सोडविली जाते, चूक दाखविली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र एक गोष्ट बोलतो आणि जो नाही म्हणेल त्याला दंड करा म्हणतो. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्या परिसराला आपण नागसेनवन म्हणतो. पण महाविद्यालयाला नाव मिळाले ते मिलिंदाचे, प्रश्न विचारून भंडावून सोडणाऱ्याचे! किती शिक्षक वर्गात राजवाद करतात आणि घरी जाऊन मिलिंद महाविद्यालयाचा अभिमान सांगतात, याची मोजदाद न केलेली बरी. मी त्यांतलाच.

शिस्त नको असे या सगळ्यातून कोणी काढू नये. भिक्खूंच्या पातिमोक्खात २२७ नियम आहेत. परंतु विनयपिटक उघडा: जवळजवळ प्रत्येक नियमाआधी तो का करावा लागला याची घटना सांगितली आहे. नियम दर पंधरवड्याला सर्वांसमोर म्हटले जात, आणि संघाचे निर्णय ठराव मांडून, विचारून घेतले जात. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी याच पद्धतीकडे बोट दाखविले होते. मी तोच धागा धरून आमच्या वर्गात नियम मुलांनाच करायला सांगितले. अट एकच, प्रत्येक नियमापुढे कारण लिहायचे. ‘सर आले की सर्वांनी उभे राहायचे’ या नियमापुढे अर्धा तास कोणाला कारण सुचले नाही. शेवटी तो नियम फळ्यावरून पुसावा लागला. पुसताना हाताला जड गेले, हे कबूल करतो.

तो मुलगा परत आला, वेचणी सरल्यावर. तो बदलला असे वाटत असेल तर तसे नाही. मधल्या सुट्टीत आम्ही दोघे कापसाच्या काट्याच्या चिठ्ठ्या वाचतो, बाजारभावाचा रकाना वाचतो. जोडाक्षर आले की अडतो आणि चिठ्ठी भिरकावतो. मोठ्याने वाचायला वर्गात अजून तयार नाही. दुसरी मुले तक्रार करतात, “त्यालेच काहून सूट सर?” आणि त्यांचे चुकत नाही. सेहेचाळीस मुलांचा वेळ मी एकासाठी खर्च करतो आहे काय, याचा हिशेब मला लागलेला नाही. त्याला विचारला तर तो तोंडी लावून देईल.

मागच्या आठवड्यात चिठ्ठी वाचता वाचता तो मध्येच म्हणाला, “सर, आपण तो नियम पुसला ना उभं राहाचा. पण साहेब तपासणीले आले तं तुम्ही उभे राहता. मनातून राहता का भेवानं?”

मी म्हटले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातच तो उभा होता. “सुचलं काय सर?”